वाचाळचा परिचय मेळावा

नियोजन कशाला म्हणतात हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं खुशाल रहाटणीत यावं आणि माझ्याकडे शिकवणी लावावी! मी चाकणच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. नटबोल्ट वेळेवर आले नाहीत तर लाइन थांबते, आणि माझ्यामुळे आजवर लाइन थांबलेली नाही. अशा माणसाला मूठभर लोकांची एक साधी भेट जमवायची होती. हातचा मळ! निदान तेव्हा तरी मला तसं वाटलं होतं.

भेट कुणाची, ते सांगतो. पण त्याआधी आमच्या आप्पांबद्दल सांगायला हवं.

आप्पा, म्हणजे आमचे वडील उद्धवराव, पिंपरीतल्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी पेपर वाचणं ही पूर्णवेळ नोकरी धरली. पहिल्या पानाच्या मथळ्यापासून शेवटच्या पानावरच्या टेंडर नोटिशीपर्यंत! मग काचबिंदूनं त्यांची नजर नेली आणि पेपर माझ्या गळ्यात पडला. सकाळी कंपनीची बस गाठायच्या आधी मी धावतपळत वाचून दाखवायचो. अग्रलेख गाळायचो. आप्पांना ते कळायचं, पण ते काही बोलायचे नाहीत. ते नुसते "हं" म्हणायचे आणि मला दिवसभर ते "हं" ऐकू यायचं.

अशात आम्हाला वाचाळ सापडला.

वाचाळ म्हणजे मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर. मुक्त सॉफ्टवेअर! कुणीही घ्यावं, फुकट वापरावं, आत उघडून बघावं, जमलं तर सुधारावं. महाराष्ट्रभरची सात-आठ माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून ते बनवत होती. मला कोड लिहिता येत नाही, पण दुसऱ्याच्या चुका काढता येतात. हा गुण आमच्या घराण्यातच आहे. आप्पा ऐकायचे, चुका सांगायचे, मी त्या त्यांना कळवायचो. असं करत करत मीही त्या मंडळींतला एक झालो. सगळा कारभार ऑनलाइन. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही.

वाचाळची दोन मुख्य माणसं होती. एक धम्मरत्न, आपल्या देहूरोडचा. माझ्यापासून गाडीवर जेमतेम अर्ध्या तासावर, पण ऑनलाइन माणसाला भेटायला कुणी गाडीवर जातं का? दुसरी विजयश्री, लातूरची. दोघांचं छान चाललं होतं. आणि मग भांडण झालं.

भांडण 'च' या अक्षरावरून झालं. हसू नका! चार रुपयांतला च वेगळा आणि जनावराच्या चाऱ्यातला च वेगळा. लिहायला एकच, बोलायला दोन. वाचाळ बापडा सगळीकडे चार रुपयांतलाच च लावायचा. "च्याकण"! "च्यांगला"! "च्योर"! आप्पांना वाटायचं, परदेशातून शिकून आलेलं कुणीतरी बातम्या देतंय. धम्मरत्न म्हणाला, नियम शोधू. विजयश्री म्हणाली, नियम नाहीच, एकेक शब्द कानानं तपासायला हवा. धम्मरत्ननं लिहिलं, "हे तुम्हालाच जमेल." झालं! त्यानंतर विजयश्रीनं त्याला एक शब्द लिहिला नाही. तिनं वाचाळची नक्कल उचलली आणि आपली वेगळी चूल मांडली. या लोकांच्या भाषेत याला 'फोर्क' म्हणतात. म्हणजे एकाची दोन झाली: जुना वाचाळ आणि अस्सल वाचाळ. वडापावच्या गाड्यांवर असतं तसंच.

हाल झाले आप्पांचे. जुन्याला आकडे नीट वाचता यायचे, च यायचा नाही. अस्सलला च यायचा, पण तो अडीच हजारला "दोन पाच शून्य शून्य" म्हणायचा. शेवटी आप्पा दोन कानांना दोन फोन लावून बसू लागले. डाव्या कानात बातमी, उजव्या कानात बाजारभाव. मधेच वैतागून हाक मारायचे, "जया, हे दोघं काय म्हणतायत ते तू एकदा वाच रे!" आणि मी एका पायात बूट घालून पुन्हा पेपर वाचायला बसायचो.

तेव्हा मी ठरवलं. या सगळ्या मंडळींना एकदा समोरासमोर बसवायचं. माणसं समोर आली की भांडण अर्धं विरघळतं, असा माझा खरेदी विभागातला अनुभव आहे. अडचण एवढीच, की लोक आधीच फुकट राबत होते. वर त्यांना पदरमोड करून लातूरहून, कणकवलीहून या म्हणणं बरं दिसत नव्हतं. प्रवासखर्च देणारा कुणीतरी दाता हवा होता.

आता या भेटीला नाव काय द्यावं? 'कार्यशाळा' म्हटलं की आमच्या भागात लोकांना ग्रीस आठवतं. 'संमेलन' म्हटलं की अध्यक्षपदावरून मारामारी. ही माणसं एकमेकांना कधी भेटली नव्हती, त्यांचा परिचय व्हायचा होता. म्हणून मी नाव दिलं 'परिचय मेळावा'. इतकं सुटसुटीत नाव सुचल्याबद्दल मी स्वतःचीच पाठ थोपटली. बायकोला, म्हणजे वर्षालीला, विचारलं नाही. तिला विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

आमच्या कंपनीच्या बसवर भिवा नावाचा ड्रायव्हर आहे. त्याच्याकडे सहज विषय काढला.

"आमच्या सायबांकडं जावा की!" भिवा म्हणाला. "परिचय मेळावा म्हटल्यावर ते न्हाई म्हणायचेच न्हाईत. त्यांचा जीव की परान हाय त्यात."

मला गहिवरून आलं. बसगाड्यांचा मालक आणि त्याला मुक्त सॉफ्टवेअरचं एवढं वेड! चाकण किती पुढे गेलंय!

या मालकाचं, म्हणजे साहेबरावांचं, ऑफिस त्यांच्या गाड्यांच्या आवारातच होतं. बाहेर कुणीतरी हॉर्न दुरुस्त करत होता आणि दर मिनिटाला वाजवून बघत होता. आत साहेबराव आणि त्यांच्या मंडळी इंदुताई चहा पीत बसले होते. मी माझं काम सांगितलं.

"परिचय मेळावा!" साहेबरावांचा चेहरा उजळला. "इंदू, ऐकलंस का? आपल्याकडं सोताहून माणूस आलाय! बसा जयसिंगराव, बसा. पोरं किती, पोरी किती?"

"पोरं सहा, मुली दोन."

साहेबरावांनी मोठा सुस्कारा टाकला. "सगळीकडं ह्योच परकार हाय. पोरीच न्हाईत."

"तुम्हाला या प्रश्नाची जाण आहे!" मी भारावून म्हणालो.

"आसंल न्हाई तर काय? किती सालं ह्येच करतुया आमी. बरं, एकमेकास्नी बघितलंय का कुणी?"

"छे, फोटोसुद्धा नाही. नुसत्या कामावरून ओळखतात."

"कामावरून!" इंदुताई कौतुकानं म्हणाल्या. "ह्ये बेस हाय. रूपाला काय चाटायचंय?"

"आन् देन्याघेन्याचं?" साहेबरावांनी आवाज जरा खाली आणला.

"अजिबात नाही!" मी छाती फुगवून सांगितलं. "एक पैसा कुणी कुणाकडून घेत नाही. ते आमचं तत्त्वच आहे. ज्याला पसंत पडेल त्यानं सरळ घरी घेऊन जावं!"

"तसं न्हाई, घरच्यास्नी इचारून," साहेबराव म्हणाले. पण ते खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. "जयसिंगराव, अशी मानसं हायेत म्हनून दुनिया चाललीया."

मीही मनातून तसंच काहीसं म्हणत होतो. आता वेळ आली होती खरी अडचण सांगायची.

"साहेब, मुख्य म्हणजे आमच्यातले दोघे आहेत, धम्मरत्न आणि विजयश्री. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यात फोर्क झालाय."

बाहेर हॉर्न वाजला.

"फारकत?" इंदुताईंनी विचारलं.

"हो, फोर्क," मी म्हणालो.

"आगं बाई! आन् मधी लेकरू हाय का?"

वाचाळला लेकरू म्हणणारी पहिलीच व्यक्ती मला भेटत होती. आमच्या सगळ्यांची भावना तीच होती, पण बोललं कुणी नव्हतं.

"आहे ना, वहिनी. वाचाळ."

"लई बोलतं व्हय?"

"फार! पण आता त्याचे हाल आहेत. अर्धं याच्याकडे, अर्धं तिच्याकडे. धड एक वाक्य नीट बोलत नाही."

इंदुताईंनी पदर डोळ्याला लावला. "आईबापाच्या भांडनात लेकराचं आसंच हुतं बघा."

"अगदी बरोबर बोललात! आणि खरं सांगू? त्यापायी आमच्या म्हाताऱ्या वडिलांना फार त्रास होतो."

"आज्याला व्हनारच!" साहेबराव टेबलावर मूठ आपटून म्हणाले. "ठरलं. हॉल आमचा, जेवान आमचं, समद्यांची तिकिटं आमची. स्टॅंडवर आमची बस येईल. त्या दोघांचं इंदूवर सोडा. तिनं लई तुटलेली जोडल्यात."

मी बाहेर पडलो तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

आता प्रश्न विजयश्रीचा होता. बाकीचे सगळे ताबडतोब तयार झाले. कणकवलीच्या सुजितनं तर फोन करून विचारलं, "खरांच तिकीट पाठवतत? आमका आजपर्यंत कोणी चाय सुद्धा पाजूक नाय!" पण विजयश्री म्हणाली, "त्या माणसाचं तोंड मला पाहायचं नाही." शेवटी आप्पांनी माझ्या हातातला फोन मागून घेतला.

"बाई," आप्पा म्हणाले, "तुमच्या फोनात मला बातमी कळते पण भाव कळत नाही. त्यांच्या फोनात भाव कळतो पण बातमी कळत नाही. मी आंधळा माणूस आहे. माझ्यासाठी एकदा दोघं समोर बसा."

आप्पांनी स्वतःला आंधळा म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला ते आवडलं नाही. पलीकडे विजयश्रीलाही आवडलं नसावं. ती म्हणाली, "येते, काका."

मेळाव्याच्या आधी इंदुताईंचा फोन आला. "समद्यांची उंची सांगा." मी ताडलं, टी-शर्ट शिवणार! लगेच सांगितली. मग म्हणाल्या, "जन्मवेळ?" मी ताडलं, प्रवासाचा विमा! मग म्हणाल्या, "मामाचं गाव कंचं?" क्षणभर मी अडखळलो, पण मग तेही ताडलं. वाटेत कुणाला काही झालं तर कळवणार कुणाला? मामालाच! किती बारीक विचार! मी आमच्या ॲडमिन विभागालाही हे उदाहरण द्यायचं ठरवलं.

रविवारी सकाळी मी, वर्षाली आणि आप्पा चाकण रस्त्यावरच्या त्या मंगल कार्यालयात पोहोचलो. दारात 'भव्य परिचय मेळावा' असा फ्लेक्स होता. खाली 'सर्व इच्छुकांचे हार्दिक स्वागत'. स्पीकरवर सनई लावली होती. साहेबरावांच्या बसमधून आमची मंडळी उतरली, तर प्रत्येकाच्या डोक्याला गुलाबी फेटा! सुजितचा फेटा कानावर आला होता आणि तो भांबावून विचारत होता, "ह्या प्रत्येक मीटिंगेक असता?"

"मोठ्या मनाचा दाता आहे," मी म्हणालो.

आत गेलो तर हॉल गच्च भरलेला. आमची माणसं आठ आणि हॉलमध्ये दीडदोनशे! नटूनथटून आलेल्या मुली, त्यांचे आईबाप, मावश्या, काका. मी साहेबरावांना गाठलं.

"साहेब, ही सगळी माणसं?"

"तुमच्याकडं पोरी कमी हुत्या न्हवं? आमी आमच्याकडून भर घातली!"

महिलांना तंत्रज्ञानात आणण्याची एवढी तळमळ मी बड्याबड्या कंपन्यांत पाहिलेली नाही. मी हे वर्षालीला सांगायला वळलो. ती स्टेजवरच्या तशाच फ्लेक्सकडे बघत होती.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "त्या कोपऱ्यात मंगळसूत्र का काढलंय?"

"नक्षी असेल."

"आणि हे दोन पोपट?"

मी पोपटांकडे पाहिलं. पोपटांनी चोचीत वरमाळा धरल्या होत्या.

"तुम्ही त्यांना काय म्हणून सांगितलं होतं?"

"परिचय मेळावा."

वर्षालीनं माझ्याकडे असं काही बघितलं, की ते वाचून दाखवायला कुठल्याही सॉफ्टवेअरची गरज नव्हती. "उभ्या महाराष्ट्रात परिचय मेळावा फक्त वधू-वरांचा असतो," ती म्हणाली. "हे आमच्या पिठाच्या गिरणीवाल्यालासुद्धा माहीत आहे!"

उंची! जन्मवेळ! मामा! माझ्या डोक्यात एकेक खटका पडत गेला. सगळं ताडलं होतं मी! आता जाऊन सरळ सांगून टाकावं, असं ठरवून मी स्टेजकडे निघालो, तोवर साहेबरावांनी माइक सुजितच्या हातात दिला होता.

"नाव, गाव, शिक्षान सांगा आन् मंग अपेक्षा सांगा," साहेबराव म्हणाले.

सुजित सरळ मनाचा पोरगा. त्याला वाटलं, बैठक सुरू झाली. तो फेटा सावरत म्हणाला, "मी सुजित. गाव कणकवली. शिक्षण बी.ई. आणि अपेक्षा म्हणशात, तर काय असा... एक म्हणजे, विचारल्यावर समोरच्यान वेळेवर उत्तर देवक् व्हया. दुसरा, माका न सांगता परस्पर काय बदल करूचो नाय. आणि माझी चूक झाली तर चारचौघांत न बोलता माका एकट्याक सांगूची. बाकी माझी काय अपेक्षा नाय."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला! पहिल्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "किती समजूतदार!" तिघी आया एकदम उठल्या आणि स्टेजकडे चालू लागल्या.

"आन् पगार?" कुणीतरी मागून विचारलं.

"ह्या कामाक पगार नसता," सुजित अभिमानानं म्हणाला. "मी फुकट करतंय."

दोघी आया परत येऊन बसल्या. एक मात्र तशीच पुढे गेली.

मी घामाघूम होऊन धम्मरत्न आणि विजयश्री कुठे दिसतात का ते पाहत होतो. दोघंही नव्हते. एवढ्यात दाराकडून एक दणकट गृहस्थ आले. "नमस्कार, मी रविराज. विजयश्रीला सोडायला आलो होतो, गाडी लावायला जागाच गावंना. ती कुठाय?"

विजयश्रीचं लग्न झालंय, नवरा सोबत येणार आहे, हे मला माहीत होतं. इंदुताईंना माहीत नव्हतं! तेवढ्यात शेजारची एक काकू तत्परतेनं म्हणाली, "ती व्हय? ती वधूच्या खोलीत हाय. आपल्या पहिल्या नवऱ्याशी बोलत बसलीया."

रविराजनी हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली.

"पहिला नवरा?" ते म्हणाले. "पहिला मीच हाय की!"

मग ते निघाले. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे वर्षाली, तिच्या खांद्याला धरून आप्पा, आणि काहीतरी घडतंय हे कळल्यामुळे आमच्यामागे निम्मा हॉल. वधूच्या खोलीच्या बंद दारापुढे इंदुताई खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"आत जायाचं न्हाई!" त्यांनी हात आडवा केला. "आत्ता कुठं बोलाय लागल्यात."

"आवं ताई, मी तिचा नवरा हाय!"

"व्हय बाबा," इंदुताई समजुतीनं म्हणाल्या. "तुझ्या जिवाला लागत आसंल. पर लेकराचा इचार कर."

"कोणतं लेकरू?"

"वाचाळ!"

रविराजनी कपाळावर हात मारला. "वाचाळ होय! आवं, त्यानं तर दोन वरीस झालं माझं घर डोक्यावर घेतलंय! जेवताना वाचाळ, गावाला जाताना वाचाळ. मी म्हणतो, एकदाचं मिटवा त्याचं कायतरी!"

"बघा!" इंदुताई जमावाकडे वळून म्हणाल्या. "सावत्र असून किती माया!"

आता मात्र मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो. पण आतून आवाज चढले आणि आम्ही सगळे एकदम गप्प झालो.

"तुम्ही मला टोमणा मारला होता," विजयश्रीचा आवाज.

"मी? कधी?"

"'हे तुम्हालाच जमेल,' असं लिहिलं होतं तुम्ही."

"मग? तुम्हालाच जमणार होतं ते!" धम्मरत्नचा आवाज कळवळला होता. "एकेक शब्द कानानं तपासायचा म्हणजे काय चेष्टा आहे? माझा कान तेवढा तयार नाही. मी कौतुक केलं होतं, ताई!"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"असं म्हणायचं होतं तुम्हाला?"

"असंच म्हणायचं होतं."

"अहो, मग पुढे एखादा हसरा चेहरा तरी टाकायचा!"

"मला ते आवडत नाहीत."

आणि दोघं हसायला लागले. दाराबाहेर उभा राहून मी ते हसणं ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. त्या 'तुम्हालाच'मधला च! लिहिला की कौतुक आणि टोमणा सारखेच दिसतात. तोंडानं म्हटला की लहान मुलालाही कळतं. अक्षरांचा आवाज करणारी ही दोन हुशार माणसं, आणि एकमेकांचं अक्षर त्यांना ऐकू आलं नव्हतं. एवढ्या एका वाक्यासाठी त्या बाईला लातूरहून यावं लागलं. पण नुसत्या मेसेजवर आणि मेलवर ते आणखी दहा वर्षं झालं नसतं, हे मी लिहून देतो.

"जुळतंय वाटतं," इंदुताई कुजबुजल्या. आम्ही सगळे ताटकळत उभे राहिलो. मधे दोनदा आत चहा गेला. आतून कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. रविराजही भिंतीला टेकून खाली बसले. आणि मग आतून एक तिसराच आवाज आला. स्वच्छ, खणखणीत:

"चाकणच्या चौकात चार चोरांनी अडीच हजार पेंढ्या चारा चोरला."

सगळे च जिथल्या तिथे! आकडाही बरोबर! आप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"लेकरू बोललं!" इंदुताई ओरडल्या आणि त्यांनी दार उघडलं.

आत एक टेबल, एक लॅपटॉप, चहाचे कप आणि दारात अर्धा हॉल बघून दचकलेली दोन माणसं. इंदुताईंनी पलंगाखाली बघितलं. पडद्यामागे बघितलं.

"लेकरू कुठाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यापुढचं सविस्तर सांगत नाही. मी जमेल तसं सांगितलं. फोर्क म्हणजे काय, मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, परिचय मेळावा म्हणजे मला काय वाटलं होतं. साहेबराव हाताची घडी घालून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसेना, तेव्हा मला जास्तच भीती वाटली.

"म्हंजी," शेवटी ते म्हणाले, "ह्यांचं लगीन कवाच झालेलं न्हवतं?"

"नाही, साहेब."

"मंग फारकत?"

"फोर्क, साहेब."

"आन् ह्या तुमच्या पोरांस्नी लगीन करायचंच न्हाई?"

"माका करूचा आसा!" मागून सुजितचा आवाज आला. ती एकटी पुढे गेलेली आई अजून त्याच्या शेजारीच उभी होती.

तेवढ्यात आप्पा चाचपडत पुढे झाले. त्यांनी साहेबरावांचा खांदा शोधला. "माझ्या पोराला माफ करा," ते म्हणाले. "पण तुम्ही आज जे केलंत, ते माझ्यासाठी लाखमोलाचं आहे. दोन वर्षांनी मला धड एक वाक्य ऐकायला मिळालं."

साहेबरावांनी आप्पांचे हात धरले. "काका, मेळाव्याला येत्यात त्यातल्या दहातल्या नवांचं जुळत न्हाई. आज ह्या दोघांचं जुळलं. आमचा मेळावा पास झाला! चला, पंगत थांबलीया."

जेवणं झाली. मठ्ठा फार उत्तम होता. संध्याकाळपर्यंत धम्मरत्न, विजयश्री आणि बाकीचे त्या वधूच्या खोलीतून हलले नाहीत. जुना आणि अस्सल, दोन्ही वाचाळ एक झाले. जाताना विजयश्री आप्पांच्या पाया पडली आणि धम्मरत्ननं त्यांच्या फोनात नवा वाचाळ घालून दिला. साहेबरावांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या वर्षीही तिकिटं आमचीच, पण पोरांचं लग्नाचं वय टळलेलं नसावं.

त्याला आता महिना होऊन गेला. सकाळी आप्पा गॅलरीत बसतात, एकच फोन, एकच आवाज. मथळा, अग्रलेख, भाव, टेंडर नोटिसा, सगळं सावकाश, काही न गाळता. मला कुणी हाक मारत नाही. मी दोन्ही पायांत व्यवस्थित बूट घालतो. बसला वेळ असतो. पहिले काही दिवस मी खूश होतो. मग कसंतरी व्हायला लागलं. इतकी वर्षं सकाळी त्या गॅलरीत माझी एक जागा होती, ती मीच स्वतः नियोजन करून घालवली, असं वाटायला लागलं. परवा चहाचा कप घेऊन मी मुद्दाम त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

"आप्पा, आज मला वेळ आहे. आज मी वाचून दाखवू का?"

आप्पांनी वाचाळ थांबवला. माझ्याकडे तोंड करून प्रेमानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"नको रे, जया," ते म्हणाले. "तू फार मशीनसारखं वाचतोस."